मोटारीची बॅटरी मागें नेतांना

मोटारीच्या पोटांत शेंकडों तारा असतात. त्यांपैकीं बहुतेकींचें नांवगांव मालकाला ठाऊक नसतें, आणि तें असण्याचें कारणहि नाहीं. पण एक तार अशी आहे कीं, तिच्याविषयीं थोडें समजून घेतल्यावांचून तिला हात लावूं नये. ती म्हणजे बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत जाणारी जाड तार. बॅटरी इंजिनाशेजारीं असली म्हणजे ही तार हात-दोन हात लांबीची असते, आपलें काम निमूटपणें करते, आणि वर्षानुवर्षें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. परंतु बॅटरी बॉनेटखालून उचलून मागच्या डिकींत न्यावी असें मालकाच्या मनानें घेतलें, कीं तीच तार दहा-अकरा हात लांब होते. आणि मग ती कोणती घ्यावी, किती जाड घ्यावी व कोठून न्यावी या प्रश्नांना एकाएकीं महत्त्व येतें. उत्तर चुकलें तर सौम्य शिक्षा म्हणजे सकाळीं गाडी सुरू न होणें. कठोर शिक्षा म्हणजे गाडीला आग लागणें.

बॅटरी मागें न्यावीच कशाला, असें कोणी विचारील. त्याला कारणें आहेत. पहिलें कारण जागेचें. १९५९ सालीं इंग्लंडांत ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननें 'मिनी' ही चिमुकली मोटार बाजारांत आणली. तिचा आराखडा अ‍ॅलेक इसिगोनिस यांचा. गाडीची सारी लांबी जेमतेम तीन मीटर, त्यांत चार माणसें बसवावयाचीं. म्हणून त्यांनीं इंजिन आडवें ठेवलें, आणि बॅटरीला पुढें जागा न ठेवतां ती मागें डिकीच्या तळाशीं बसविली. तेथून एक लांब तार पुढें स्टार्टरकडे नेली. दुसरें कारण वजनाचें. बॅटरीचें वजन बारा ते अठरा किलो असतें. तें पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर गेलें कीं वळणावर गाडीचा तोल सुधारतो. जपानच्या माझ्दा कंपनीनें १९८९ सालीं काढलेल्या एम. एक्स. ५ या दोन आसनी गाडींत याच हेतूनें बॅटरी डिकींत आहे; जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू.च्या अनेक गाड्यांतहि ती तेथेंच असते. तिसरें कारण उष्णतेचें. ढोबळ नियम असा कीं, तपमान दहा अंशांनीं वाढलें कीं बॅटरीच्या पोटांतील झिजेची रासायनिक क्रिया जवळजवळ दुप्पट वेगानें चालते. आपल्याकडील उन्हाळ्यांत इंजिनाशेजारीं भाजत बसण्यापेक्षां डिकींतील सांवली बॅटरीला निःसंशय मानवते.

विषय समजण्यासाठीं एक कल्पित उदाहरण घेणें सोयीचें होईल. दादरच्या एका गृहस्थांकडे वडिलांच्या वेळची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत तयार झालेली पद्मिनी मोटार आहे. पद्मिनीच्या टॅक्सीनें २०२३ सालीं मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला; तथापि अशा गाड्या जिवापाड जपणारीं घरें अजून आहेत, त्यांतीलच हें एक. गृहस्थांना गाडींत थंड हवेचें यंत्र बसवावयाचें आहे. त्याच्या कॉम्प्रेसरला जागा हवी, म्हणून बॅटरी मागें न्यावयाची ठरते. मिस्त्री बाजारांतून सोळा चौरस मिलिमीटरची तार आणतो आणि मोठ्या विश्वासानें सांगतो, "साहेब, अहो, घरांतल्या गीझरला अडीचची तार पुरते; ही तर तिच्या सहापट जाड आहे. काळजीच नको!" साहेबांनाहि तें पटतें. तार गालिच्याखालून जाते, बॅटरी डिकींत बसते, किल्ली फिरवितांच इंजिन सुरू होतें, आणि दोघेहि समाधानानें चहा घेतात.

मिस्त्रीचें हें बोलणें वरवर पाहतां किती बिनतोड आहे! त्यांतील चूक ज्याला सांपडली त्याला या सर्व विषयाची किल्लीच सांपडली. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टच्या दाबावर चालतो. म्हणून त्याला प्रवाह लागतो तो ९ अँपिअरच्याहि आंत. लहान पेट्रोल मोटारीचा स्टार्टर इंजिन फिरवितांना साधारण तेवढीच, म्हणजे २००० वॅटच्या घरांतील शक्ति घेतो. पण त्या वेळीं बॅटरीचा दाब १० व्होल्टच्या आसपास उतरलेला असतो. १० व्होल्टवर २००० वॅट मिळवावयाचे तर प्रवाह २०० अँपिअर हवा. शक्ति तीच, परंतु प्रवाह तेवीसपट! शिवाय गीझरच्या तारेंत अर्धा व्होल्ट गळाला तर २३० मधून अर्धा गेला, त्याचें दुःख गीझरला होत नाहीं. स्टार्टरच्या तारेंत तोच अर्धा व्होल्ट गळाला तर तो दहांतून गेला. विसांतला एक हिस्सा वाटेंतच संपला. जें गळतें तें जास्त आणि ज्यांतून गळतें तें थोडें, असा हा दुहेरी तोटा आहे.

किती गळेल याचा हिशेब अवघड नाहीं. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम शाळेंत बहुतेकांनीं पाठ केलेला असतो: प्रवाहाला तारेच्या रोधानें गुणलें कीं तिच्यांत गळणारा दाब मिळतो. तारेचा रोध तिच्या लांबीप्रमाणें वाढतो आणि जाडीप्रमाणें, म्हणजे तिच्या छेदाच्या क्षेत्रफळाप्रमाणें, घटतो. एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध वीस अंश तपमानाला ०.०१७२ ओहम असतो. हा एक आंकडा लक्षांत ठेवला कीं पुरे. त्याला लांबीच्या मीटरांनीं गुणावें, छेदाच्या चौरस मिलिमीटरांनीं भागावें आणि आलेल्या उत्तरास अँपिअरनीं गुणावें.

दादरच्या गृहस्थांच्या गाडींत डिकीपासून वळणें घेत स्टार्टरपर्यंत तारेची लांबी पांच मीटर भरते असें धरूं या, आणि प्रवाह २०० अँपिअर. मिस्त्रीनें आणलेल्या सोळा चौरस मिलिमीटरच्या तारेंत यावेळीं १.०८ व्होल्ट गळतात. पंचविसाच्या तारेंत ०.६९, पस्तिसाच्या तारेंत ०.४९, आणि पन्नासाच्या तारेंत ०.३४. स्टार्टरच्या साऱ्या मार्गांत, म्हणजे जाणारी तार, परतीची वाट आणि मधले सांधे मिळून, अर्ध्या व्होल्टहून अधिक गळती नसावी असा जाणत्या कारागिरांचा दंडक आहे. या दंडकाला लावून पाहतां सोळाची तार सपशेल नापास होते. पस्तिसाची एकटीच अर्धा व्होल्ट खाऊन टाकते, मग सांध्यांनीं आणि परतीच्या वाटेनें काय खावें? म्हणून पांच मीटरच्या अंतराला लहान पेट्रोल गाडीसाठीं पन्नास चौरस मिलिमीटर हेंच उत्तर योग्य ठरतें. डिझेल इंजिनाची गोष्ट निराळी. त्याच्या सिलिंडरांतील हवेचा दाब फार मोठा, त्यामुळें स्टार्टर दुप्पट प्रवाह मागूं शकतो. ४०० अँपिअरला सत्तरची तारहि अर्ध्या व्होल्टच्या काठावर येते. तेथें पंचाण्णवचा विचार करावा लागतो.

मग दादरची गाडी सोळाच्या तारेवर सुरू झाली ती कशी? बॅटरी नवी होती, भरलेली होती आणि इंजिन कोमट होतें, म्हणून. विजेच्या कामांतील लबाडी ही अशी उशिरां उघडकीस येते. पुढें कुटुंब महाबळेश्वरला जातें; रात्रभर गाडी थंडींत उभी राहते; तेल दाट होतें, बॅटरीची रासायनिक क्रिया मंदावते. सकाळीं किल्ली फिरवितांच 'टक्' असा एक आवाज येतो आणि पुढें कांहीं नाहीं. किंवा मे महिन्यांत खंडाळ्याचा घाट चढून आल्यावर चहासाठीं गाडी थांबवावी, आणि दहा मिनिटांनीं ती उठूंच नये. कारण तपमान चाळीस अंशांनीं वाढलें कीं तांब्याचा रोध सुमारें सोळा टक्क्यांनीं वाढतो, आणि तापलेल्या इंजिनाशेजारीं स्टार्टरहि अशक्त होतो. मालक बॅटरीला दोष देतो, नवी बॅटरी आणतो, चार दिवस बरें चालतें, पुन्हां तेंच. खरा चोर गालिच्याखालीं स्वस्थ पडलेला असतो.

या तारेवरून नुसता स्टार्टरच चालतो असेंहि नाहीं. इंजिन सुरू झाल्यावर आल्टरनेटरची वीज उलट वाटेनें बॅटरी भरण्यास याच तारेनें जाते. स्टार्टरचें काम चार सेकंदांचें, भरणीचें काम तासांचें. बारीक तारेमुळें बॅटरीपाशीं १४.२ व्होल्टच्या जागीं १३.८ पोंचले, तर ती सदा अर्धपोटीं राहते आणि अकालीं निकामी होते.

तारेची जाडी ठरली म्हणजे बाजारांत जावयाचें. येथें तीन फसगती टपून बसलेल्या असतात. पहिली, नंबरांची. अमेरिकन मोजमापांत नंबर जितका लहान तितकी तार जाड. चार नंबरची तार सुमारें २१ चौरस मिलिमीटर, दोन नंबरची सुमारें ३४, आणि ज्याला 'एक शून्य' म्हणतात ती सुमारें ५३. म्हणून नंबर न विचारतां चौरस मिलिमीटर विचारावे. दुसरी फसगत वेष्टनाची. बाहेरून अंगठ्याएवढी दिसणारी तार कापून पाहिली तर आंत तांब्याचा गाभा करंगळीएवढाहि नसतो. उरलेलें सारें रबर! किंमत तांब्याची द्यावयाची असते, वेष्टनाची नव्हे. तिसरी फसगत सर्वांत वाईट. कांहीं तारा अ‍ॅल्युमिनियमच्या असून त्यांवर तांब्याचा केवळ मुलामा असतो. त्या दिसतात तांब्यासारख्या, पण त्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या मानानें वीज वाहतात जेमतेम पांचांतील तीन हिस्से. अशी पस्तिसाची तार म्हणजे प्रत्यक्षांत तांब्याची बाविसाची. ओळखण्याची खूण सोपी आहे: एक धागा चाकूनें खरवडावा, आंतून पांढरा निघाला तर दुकानदारास नमस्कार करून बाहेर पडावें. तार हातांत घेतली असतां संशयास्पद हलकी लागते, हीहि एक खूण.

तार शुद्ध तांब्याची असावी, तशीच ती शेंकडों बारीक धाग्यांची, लवचिक असावी. घरांतील जाड तारांत थोडे व ताठ धागे असतात. मोटारीच्या सततच्या थरथराटानें ते कालांतरानें तुटतात. वेल्डिंगवाले वापरतात ती केबल या दृष्टीनें उत्तम, आणि ती सर्वत्र मिळते. मात्र तिचें वेष्टन तेल, पेट्रोल व उष्णता सोसणारें आहे कीं नाहीं, हें तिच्यावरील छापावरून पाहून घ्यावें. तसें नसेल तर तिला संरक्षक नळी घालावी.

आतां तारेच्या टोंकांविषयीं. पन्नासाची उत्कृष्ट तार आणून तिचीं टोंकें हातोडीनें ठोकून थिंबलमध्यें बसविणें म्हणजे रुंद रस्त्याला फुटक्या पुलानें जोडण्यासारखें आहे. थिंबल तांब्याचें, तारेच्या मापाचेंच असावें, आणि तें दाबयंत्रानें षट्कोनी साच्यांत दाबावें, म्हणजे धागे आणि थिंबल एकजीव होतात. नुसत्या कथिलाच्या डागावर या जागीं विसंबूं नये. सांधा तापला तर कथील मऊ होतें, आणि डागाच्या कडेला ताठरलेले धागे थरथराटानें तुटतात. दाबलेल्या सांध्यावर आंवळती नळी चढवावी, म्हणजे ओलावा आंत शिरत नाहीं.

येथवरचा भाग गाडी सुरू होण्याचा झाला. पुढचा भाग माणसें सुखरूप राहण्याचा आहे, आणि तो अधिक महत्त्वाचा. बॅटरी पुढें असतांना तार आंखूड असते, तिला इजा होण्याची संधि कमी. ती मागें गेली कीं तीच तार प्रवाशांच्या पायांखालून, लोखंडी पत्र्याच्या भोंकांतून, कधीं पेट्रोलच्या नळीच्या शेजारून जाते. गाडीचा सारा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोंकाला जोडलेला असतो. अशा स्थितींत पत्र्याच्या धारेनें वेष्टन कातरलें गेलें आणि तांबें पत्र्याला टेंकलें, कीं बॅटरी हजार अँपिअरहून अधिक प्रवाह ओतूं शकते. कांहीं क्षणांत वेष्टन वितळतें, गालिचा पेट घेतो, आणि किल्ली बंद करून उपयोग होत नाहीं, कारण ही तार किल्लीच्या ताब्यांत मुळींच नसते. मागच्या बांकावर मुलें बसलेलीं असतात, हें मिस्त्रीनें आणि मालकानें, दोघांनींहि विसरूं नये.

यावर उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे: फ्यूज. तो बॅटरीच्या धन टोंकापासून वीतभर अंतराच्या आंत बसवावा. पुढें इंजिनापाशीं बसविलेला फ्यूज या कामीं निरुपयोगी. कारण फ्यूज आपल्यापुढील तारेचें रक्षण करतो, मागील तारेचें नव्हे. त्याचा आंकडा स्टार्टर फिरवितांना लागणाऱ्या प्रवाहाला पुरणारा, पण तार सोसूं शकेल त्या मर्यादेच्या आंतला असावा. मोटारींसाठीं मिळणारे मोठे बोल्टचे फ्यूज पहिल्या क्षणाच्या धक्क्यानें उडत नाहींत. किती अँपिअर किती सेकंद सोसतील याचा तक्ता निर्माता देतो, तो पाहून निवड करावी. बी. एम. डब्ल्यू.नें डिकींतील बॅटरीच्या टोंकाशीं याहून पुढची योजना केली आहे: अपघातांत हवेच्या उशा उघडल्या कीं एक लहानसा स्फोटक तुकडा मुख्य तार बॅटरीपासून तोडून टाकतो. मोठ्या कारखान्याला ज्या तारेची एवढी धास्ती वाटते, तिच्यावर घरगुती कामांत साधा फ्यूजहि न बसविणें याला धाडस म्हणतां येणार नाहीं.

तारेचा मार्गहि विचारपूर्वक आंखावा. ती सायलेन्सरच्या नळीपासून दूर, पेट्रोलच्या नळीपासून वेगळी, आणि आसनांच्या सरकत्या पट्ट्यांखालीं चिरडणार नाहीं अशी न्यावी. गाडीच्या आंतून, दाराच्या उंबऱ्यालगत नेणें उत्तम. पत्र्याच्या प्रत्येक भोंकांत रबरी कडें बसवावें, आणि वीत-दीड वीत अंतरावर तार पट्टीनें जखडावी, म्हणजे ती हलून घासली जात नाहीं.

वीज जाते तशी परत यावी लागते, हें बहुतेक जण विसरतात. गाडीचा सांगाडा हीच परतीची वाट. लोखंड तांब्याच्या मानानें वीज वाहण्यास फार हलकें, पण सांगाड्याचा विस्तार मोठा असल्यामुळें तो चालतो. मात्र बॅटरीची ऋण तार धन तारेइतकीच जाड आणि होईल तितकी आंखूड असावी, आणि जेथें ती जोडावयाची तेथील रंग खरवडून पत्रा चकचकीत करावा. बोल्ट आंवळल्यावर वरून गंजरोधक लेप द्यावा. इंजिन रबरी आधारांवर बसलेलें असतें, म्हणून सांगाड्यापासून इंजिनापर्यंतहि तशीच जाड पट्टी हवी. ती राहिली किंवा सडली तर २०० अँपिअर दुसरी वाट शोधतात. अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या पोलादी दोरींतून ते गेले आणि ती दोरी लाल होऊन जळाली, असे प्रकार जुन्या गॅरेजांत अपरिचित नाहींत.

बॅटरी डिकींत गेली म्हणजे तिचा वायुहि तेथेंच येतो. भरली जात असतांना साधी बॅटरी हायड्रोजन सोडते, आणि हवेंत हा वायु चार टक्के झाला कीं ठिणगीनें भडकतो. बंद डिकींत तो सांचूं देणें धोक्याचें. म्हणून बॅटरी झांकणाच्या पेटींत ठेवून तिच्या वायूची नळी तळाच्या भोंकांतून बाहेर सोडावी. ज्यांना मोहोरबंद म्हणतात त्या बॅटऱ्यांनाहि जादा दाबाच्या वेळीं वायु सोडणारी झडप असते. तेव्हां नळीची जोडणी असलेली बॅटरीच निवडावी. पेटी सांगाड्याला बोल्टनीं पक्की बांधावी. टक्कर झाली तर पंधरा किलोचें तें ओझें तोफेच्या गोळ्यासारखें पुढें येतें.

काम पुरें झाल्यावर परीक्षा घ्यावी. प्रथम जोडणीचा क्रम: ऋण तार सर्वांत शेवटीं जोडावी आणि काढतांना सर्वांत आधीं काढावी, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाहीं. मग साध्या व्होल्टमीटरचें एक टोंक बॅटरीच्या धन खुंटावर व दुसरें स्टार्टरच्या बोल्टवर ठेवावें, आणि दुसऱ्यानें किल्ली फिरवावी. मीटर जो आंकडा दाखवील ती धन तारेची गळती. तसेंच ऋण खुंट आणि इंजिनाचें उघडें धातूचें अंग यांच्यामध्यें मोजावें. दोहोंची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आंत आली तर काम उत्तीर्ण. अधिक आली तर मीटर एकेका सांध्यावर ठेवीत जावें. जेथें आंकडा उडी मारतो तेथें दोष आहे. ही परीक्षा पांच मिनिटांची आहे, आणि तिच्यापुढें कोणाच्याहि अनुभवाची ग्वाही चालत नाहीं.

दादरच्या गृहस्थांनीं हीच परीक्षा आपल्या अंगणांत घेतली असती, तर मीटरनें व्होल्टच्या वर आंकडा दाखविला असता आणि महाबळेश्वरची सकाळ वांचली असती. सोळाची तार काढून पन्नासाची घालावयाची, एक फ्यूज, चार थिंबलें आणि डझनभर रबरी कडीं आणावयाचीं, एवढाच काय तो फरक. तो खर्च एका नव्या बॅटरीच्या मानानें फारसा नाहीं. आणि मागच्या बांकावर बसणाऱ्यांच्या मानानें तर त्याची गणतीच करूं नये. मिस्त्रीहि वाईट माणूस नव्हता. त्यानें तारेची जाडी पाहिली. तिच्यांतून किती प्रवाह जावयाचा आहे, तो किती दूर जावयाचा आहे, आणि तो वाट चुकला तर त्याला अडविणारें कोण आहे, हे तीन प्रश्न मात्र विचारावयाचे राहून गेले. बॅटरी मागें नेण्यापूर्वीं ते तीन प्रश्न विचारले, आणि त्यांचीं उत्तरें कागदावर मांडून मगच दुकानाची पायरी चढली, तर तार पुन्हां एकदां आपल्या जागीं निमूटपणें काम करूं लागते, आणि घरांतील कोणाला तिची आठवणहि राहत नाहीं.